सातव्या मजल्यावरचा भूकंपमापक

शलाका मोहिते निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि आता मस्त आराम करा असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी भूकंप नोंदवणारं यंत्र मागवलं.

यंत्र म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा पारदर्शक डबा. आत चुंबक, तारेची वेटोळी आणि एक छोटंसं सर्किट. जमीन हलली की वेटोळं जरा मागे रेंगाळतं, त्यातून किंचित वीज तयार होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ थरथरते. जगभर असे हौशी लोक आहेत. कुणी तळघरात, कुणी बागेतल्या खोलीत हे डबे ठेवतात आणि आपापल्या नोंदी एकमेकांना दाखवतात. शलाकाबाई त्यांच्या एका ऑनलाइन गटात सामील झाल्या. तिथल्या एका जुन्या, जाणत्या माणसाने विचारलं, यंत्र कुठे ठेवणार? त्यांनी लिहिलं, बडोद्याला, फ्लॅटमध्ये. कितव्या मजल्यावर? सातव्या. पलीकडून एकच शब्द आला, "शुभेच्छा."

त्याचा अर्थ आठवड्याभरात कळला. पडद्यावरची रेघ क्षणभर स्वस्थ बसेना. लिफ्ट निघाली की थरथर, थांबली की थरथर. वरच्या घरातलं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की रेघेचं जाडजूड काळं गाठोडं व्हायचं. जिन्याचं दार आपटलं की टोकदार काटा. नवरात्रात तर समोरच्या मैदानावरच्या गरब्याचा ठेका रेघेत मोजून घ्यावा इतका स्पष्ट उमटला. उत्तरायणाला अख्खी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर चढली, स्पीकर लावून नाचली आणि त्या दिवशी यंत्राने जे दाखवलं ते खरं मानलं असतं तर बडोदं शिल्लकच राहिलं नसतं.

आणि घरातला झोपाळा. दिवाणखान्यात स्लॅबला कड्या ठोकून टांगलेला सागवानी झोपाळा ही माधवरावांची, म्हणजे शलाकाबाईंच्या नवऱ्याची, जागा. ते बँकेतून निवृत्त झालेले. सकाळचा पेपर, दुपारचा चहा आणि संध्याकाळच्या बातम्या हे सगळं ते झोपाळ्यावर बसून, पायाने हलकासा रेटा देत करत. आधीच्या, शहरातल्या वाडी भागातल्या भाड्याच्या घरात झोपाळ्याला जागा नव्हती. फ्लॅट घेताना त्यांची एवढी एकच मागणी होती. आता त्यांच्या प्रत्येक झोक्याची लाट पडद्यावर उमटू लागली.

शलाकाबाईंनी आधी विनंती केली, मग वेळा ठरवून दिल्या. शेवटी एक दिवस झोपाळा कडीला बांधून ठेवला. माधवरावांनी तो सोडला नाही. खुर्ची ओढून खिडकीपाशी पेपर घेऊन बसले. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

"अहो, रागावलात का?"

"मी कशाला रागावू? या घरात हलायची परवानगी फक्त जमिनीला आहे."

झोपाळा सुटला, पण शलाकाबाईंचं चित्त काही ठिकाणावर येईना.

त्यांचं हे वेड निवृत्तीनंतरचं नव्हतं. बडोद्याबाहेर बाजव्याजवळच्या एका कारखान्यात त्या कंपन विभागात होत्या. मोठमोठे पंप आणि कॉम्प्रेसर फिरत असतात, त्यांच्या अंगावर मापकं बसवायची आणि थरथर तपासत राहायची, हे त्यांचं काम. प्रत्येक यंत्राची आपली एक थरथर असते. आत काही ढिलं पडलं, झिजलं, की ती बदलते. यंत्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी बदलते. हे त्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहून चुकल्या होत्या की माणसाकडे बघतानाही त्यांना वाटायचं, याचं काय ढिलं झालंय.

दोन हजार एक सालच्या सव्वीस जानेवारीला त्या कारखान्याच्या मैदानावर झेंडावंदनाला उभ्या होत्या. राष्ट्रगीत संपलेलं होतं. पायाखालून काहीतरी लांबलचक सरकत गेलं आणि झेंड्याचा खांब डोलताना दिसला. त्या धावत आपल्या खोलीत गेल्या. सगळ्या यंत्रांच्या नोंदी होत्या. कुठला पंप किती हलला, कुठला आपोआप बंद झाला, सगळं होतं. जमीन स्वतः कशी हलली याची नोंद मात्र त्यांच्याकडच्या एकाही मापकात नव्हती. हे त्यांना फार लागलं. अहमदाबादला राहणारी त्यांची मावसबहीण निरुपमा त्या भूकंपात गेली. त्याविषयी त्या कधी बोलत नसत. कुणी विषय काढलाच, तर नोंदीबद्दलच बोलत.

म्हणून आता यंत्र हातात असताना ते सातव्या मजल्यावर ठेवावं लागणं त्यांना सहन होईना. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, हार्दिकभाईंकडे गेल्या. खाली मीटरच्या खोलीत एक कोपरा रिकामा होता. एवढासा डबा, एक प्लग, कुणाला त्रास नाही. हार्दिकभाई मनाने वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की लोक विचारतील हे काय आहे. भूकंपाचं यंत्र म्हटलं की म्हणतील, म्हणजे इथे भूकंपाची भीती आहे. दोघांचे फ्लॅट विकायला काढलेले आहेत. "रहेवा दो ने, शलाकाबेन," तो म्हणाला, "तुमच्या घरात तुम्ही काहीही ठेवा. खाली नको."

त्या सातव्या मजल्यावर परत आल्या आणि डबा दिवाणामागच्या कोपऱ्यात, खांबाला अगदी चिकटून ठेवला. त्यातल्या त्यात तीच जागा बरी होती.

पावसाळ्याआधी एका दुपारी कच्छात धक्का बसला. मोठा नव्हता, पण बडोद्यापर्यंत नोंद यावी इतका होता. गटावर संदेशांची झुंबड उडाली. भुजच्या एका शिक्षकाने आपली नोंद टाकली. पुण्यातल्या कुणी टाकली, राजकोटहून आली. पहिली लाट, मग दुसरी, मग ओसरत जाणारी शेपटी, चित्रात काढल्यासारखी. शलाकाबाईंनी आपला पडदा उघडला. बरोबर त्या वेळी वरच्या घरात न्हाणीघराच्या फरशा फोडायचं काम चालू होतं. पडद्यावर सरसकट काळं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते त्या काळ्यात कुठेतरी बुडून गेलं होतं आणि काही केल्या वेगळं काढता येत नव्हतं. त्यांनी संध्याकाळपर्यंत चाळण्या लावून पाहिल्या, हे वगळ, ते वगळ. शेवटी कॉम्प्युटर बंद केला.

माधवरावांनी पानं वाढली होती. त्या जेवायला आल्या नाहीत.

"पुन्हा येईल की," माधवराव म्हणाले.

"भूकंप काय पाहुणा आहे का, पुन्हा येईल म्हणायला? आणि यावा असं म्हणायचंय का मला?"

ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. आपण नक्की कशाची वाट बघतोय, हे त्यांना धड सांगता आलं नसतं.

बरेच दिवस त्यांनी यंत्राकडे पाहिलं नाही. बंदही केलं नाही. मग एकदा सहज, जुन्या सवयीने, त्यांनी महिन्याभराची सगळी नोंद एकत्र केली आणि कारखान्यात पंपांचा काढायच्या तसा आलेख काढला: कुठल्या वेगाची थरथर किती. लिफ्ट, वॉशिंग मशीन, पावलं, या सगळ्यांचे ठिपके इकडेतिकडे विखुरले होते. मध्येच एक सुळका उभा होता, सरळ, एकटा. सेकंदाला दीड हेलकाव्याच्या जरा अलीकडे. तो दिवसा होता, पहाटे होता, लिफ्ट बंद असताना होता. वारा असला की उंच व्हायचा, नसला की बुटका, पण जागा तीच.

ती इमारत होती. कुठलीही उंच इमारत कायम किंचित डोलत असते, माणसाला कळणारही नाही इतकी, आणि प्रत्येकीचा डोलण्याचा आपला वेग असतो. जमिनीच्या हालचाली टिपायला सातवा मजला कुचकामी होता, पण इमारतीची थरथर टिपायला त्याहून चांगली जागा नव्हती. शलाकाबाईंना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. हवं होतं एक आणि हाती आलं दुसरंच. तरी काम ओळखीचं होतं. त्या रोज सकाळी सुळका कुठे आहे ते बघू लागल्या. उन्हाळ्यात तो केसभर इकडे असे, पावसाळ्यात केसभर तिकडे. बाकी स्थिर.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो सरकला. नेहमीसारखा केसभर सरकला नाही, चांगला डोळ्यांना दिसेल इतका मंद वेगाच्या बाजूला आला आणि तिथेच राहिला. त्यांनी यंत्र तपासलं, जागा तपासली, आठवडाभर थांबून पुन्हा पाहिलं. इमारत पूर्वीपेक्षा सावकाश डोलत होती. म्हणजे कुठेतरी तिचा ताठरपणा कमी झाला होता.

त्या खाली उतरल्या आणि कारण शोधावं लागलं नाही. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला तीन दुकानं होती. प्रतापसिंह शिर्के नावाच्या गृहस्थांनी ती तिन्ही घेतली होती आणि मधल्या भिंती पाडून फर्निचरचं एक मोठं शोरूम करायला घेतलं होतं. मागची भिंतही गेली होती. आतून बाहेरपर्यंत आरपार दिसत होतं, मध्ये नुसते खांब. एका खांबाचा कोपरा पाइप बसवायला तासला होता आणि आतली सळई उघडी पडली होती.

प्रतापसिंह वाडीतलेच. त्यांच्या आजोबांना संस्थानच्या घोडदळात घोडा होता हे ते भेटेल त्याला सांगत. शलाकाबाईंना ते ओळखत होते.

"भिंती कुणाला विचारून पाडल्या?" शलाकाबाईंनी विचारलं.

"वहिनी, त्या नुसत्या विटांच्या भिंती. भार खांबांवर असतो. इंटिरियरवाल्याने बघून सांगितलंय."

"भार खांबांवरच असतो. पण इमारत आडवी हलायला लागली की तिला याच भिंती धरून ठेवतात. तुम्ही पाडल्यापासून ती बदललीय, माझ्याकडे नोंद आहे."

प्रतापसिंहांनी मान डोलावली, कामगाराला खुर्ची आणायला सांगितली आणि विचारलं, वहिनी, घरी सोफासेट आहे का?

त्यानंतरचे काही आठवडे शलाकाबाईंना आजही आठवायला नकोत. त्यांनी आलेख सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्याखाली दोन अंगठे आले, मग कुणाचं तरी गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात आलं आणि आलेख वर निघून गेला. त्यांनी तो पुन्हा टाकला, खाली गुजरातीत सोपं करून लिहिलं. मग एकाने विचारलं, हे यंत्र लावल्यापासूनच इमारत हलतेय का? दुसऱ्याने लिहिलं की आपल्याला हल्ली चक्कर येते ती यामुळेच असावी. फ्लॅट विकायला काढलेले एक गृहस्थ घरी येऊन रागावून गेले. म्हणाले, तुम्हाला रिकामा वेळ आहे, आम्हाला गिऱ्हाईक नाही. हार्दिकभाईने अगदी अजिजीने सुचवलं की थोडे दिवस यंत्र बंद ठेवलं तर वातावरण शांत होईल.

"वातावरण शांत होईल, इमारत नाही," शलाकाबाई म्हणाल्या. हार्दिकभाई हसला. त्याला तो विनोद वाटला.

शेवटी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, सेव-उसळ आणि पाव मागवले होते. शलाकाबाई आलेख छापून घेऊन गेल्या होत्या. त्या बोलू लागल्या आणि पहिल्या दोन वाक्यांतच लोक हरवले हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांना थांबता येईना. वारंवारता, ताठरपणा, टक्केवारी. ऑफिसात समोरचे इंजिनिअर माना डोलावत. इथे लोक पाव कुठवर आलेत ते बघत होते. प्रतापसिंहांनी उठून शांतपणे सांगितलं की आपण सगळं नियमाने केलंय आणि वहिनींबद्दल आपल्याला आदर आहे. टाळ्या पडल्या. शलाकाबाईंचा आवाज चढला. त्या म्हणाल्या, तुम्हाला कुणाला काही कळतच नाही. मग तर उरलेसुरले ऐकणारेही हातचे गेले.

तेव्हा माधवराव उठले. ते सभेत कधी बोलत नसत. गुजरातीत, सावकाश, बँकेत खातेदाराला समजावून सांगावं तसं बोलले.

"निरुपमा म्हणून हिची मावसबहीण होती. अहमदाबादला पहिल्या मजल्यावर राहायची. नवी इमारत, खाली पार्किंग, भिंती नाहीत, नुसते खांब. भूकंपात वरचे मजले तसेच होते, खालचे खांब मोडले आणि सगळी इमारत त्या पार्किंगवर बसली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या खिडकीतला पडदा आमच्या डोक्याएवढ्या उंचीवर होता. ही त्या पडद्यासमोर उभी राहिली, तिला काढेपर्यंत." मग ते म्हणाले, "आलेख मलाही समजत नाही. पण इंजिनिअर बोलावून खालचे खांब दाखवायला काय हरकत आहे?"

हार्दिकभाईने हातातली ताटली खाली ठेवली. ठराव पाच मिनिटांत झाला.

घरी आल्यावर शलाकाबाई नवऱ्यावर भडकल्या. निरुपमाला त्या लोकांपुढे आणायला कुणी सांगितलं होतं? माधवराव म्हणाले, दुसरं काय करायला हवं होतं ते सांग. शलाकाबाईंचा खरा राग वेगळाच होता. महिनोन् महिने जमवलेली, घासूनपुसून तपासलेली नोंद कुणी पाहिली नाही आणि एका मेलेल्या माणसाच्या नावावर काम झालं. त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. किती वर्षांनी, ते माधवरावांना माहीत होतं. ते दाराशी उभे राहिले, आत गेले नाहीत.

तपासायला आल्या त्या कौमुदी दिघे. एका इंजिनिअरिंग कॉलेजात इमारतींचं गणित शिकवत. त्यांनी एक अख्खा दिवस तळमजल्यावर काढला, खांब ठोकून पाहिले, जुने नकाशे मागवले आणि मग वर येऊन शलाकाबाईंचे आलेख मन लावून पाहिले. शलाकाबाईंना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की तुमचं बरोबर आहे.

"अर्धं बरोबर आहे," कौमुदी म्हणाल्या. "इमारत उद्या पडणार नाही. खांब चांगले आहेत, फक्त तो तासलेला लगेच दुरुस्त करायला हवा. भिंती गेल्यामुळे खालचा मजला वरच्यांपेक्षा नरम झालाय, हे खरं. मोठा भूकंप आला तर पहिला त्रास तिथेच होणार. दोन भिंती परत बांधा, नाहीतर लोखंडी तिरके आधार लावा."

"म्हणजे मी घाबरवलं ते उगीच?"

"तुम्ही सांगितलं म्हणून सळई झाकली जाईल. एवढं पुरे नाही का?"

शलाकाबाईंना ते पुरेना, पण पाहुणीपुढे तसं म्हणता आलं नाही.

खांब दुरुस्त झाला. भिंतींवरून घासाघीस चालू राहिली. प्रतापसिंहांचं म्हणणं, शोरूमची शोभा जाते. सोसायटीचं म्हणणं, ते तुमचं तुम्ही बघा. चार-पाच बैठका झाल्यावर एक भिंत बांधली गेली, तीही मध्ये भलंमोठं दार ठेवून. दुसरी राहिली. हार्दिकभाईने गटावर फोटो टाकला आणि कमिटीच्या दक्षतेबद्दल सगळ्यांचं अभिनंदन केलं. अंगठे या वेळी पुष्कळ आले. शलाकाबाईंचं नाव कुठेच नव्हतं. माधवराव त्यात ते घालायला निघाले होते. शलाकाबाईंनी त्यांचा फोन काढून घेतला.

कौमुदींनी मात्र नंतर फोन केला. विद्यार्थ्यांना शिकवायला या नोंदी हव्या होत्या आणि यंत्र आहे तिथेच, सातव्या मजल्यावरच राहू द्या अशी विनंती होती. शलाकाबाई हो म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, कॉलेजच्या आवारात, जमिनीवर, मी दुसरं यंत्र मागवलं तर ते ठेवायला एखादा कोपरा मिळेल का? कौमुदी म्हणाल्या, विचारून सांगते. त्याला आता बरेच महिने झाले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आहे. शलाकाबाई दर सोमवारी फोन करतात.

परवा त्या दूध घेऊन येत होत्या तेव्हा प्रतापसिंह शोरूमच्या पायरीवर उभे होते. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी जरा आवाज उतरवून विचारलं, "वहिनी, आता किती आहे?"

हा प्रश्न शलाकाबाईंना आजवर कुणीच विचारला नव्हता.

"एक भिंत झाल्यावर डोलण्याचा वेग थोडा वर आलाय. पहिल्यासारखा नाही."

"हं." प्रतापसिंहांनी वर, सातव्या मजल्याकडे पाहिलं. "दुसरीचं बघू. लग्नसराई होऊन जाऊ दे."

"मागच्या वेळी दिवाळी होऊन जाऊ दे म्हणाला होतात."

आत गिऱ्हाईक आलं होतं, प्रतापसिंह तिकडे वळले. शलाकाबाई लिफ्टने वर आल्या, दूध तापत ठेवलं आणि फोन घेऊन गटावर लिहिलं की पुढच्या सभेत दुसऱ्या भिंतीचा विषय घ्यावा. हे त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं होतं. दूध वर येईपर्यंत त्याखाली एक अंगठा आला होता.